गडग्यापलीकडचं धूड

आमची वाडी आणि वहिनींची वाडी यांच्यामध्ये जांभ्याचा गडगा आहे, कमरेच्या जरासा वर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा त्यांचा एक माड नेमका या गडग्यावर आडवा झाला आणि मधले पाच चिरे निखळले. पुढे माडाचा ओंडका उचलला, दोन्ही घरांची कौलं बदलली, पंचनामा झाला, पण ते पाच चिरे काही परत बसले नाहीत. कारण त्या खिंडीतून चहाचा कप बरोब्बर जातो. आमटीचं पातेलं तिरकं केलं तर जातं. कान तर अख्खा जातो.

दसरा झाल्यावर एका सकाळी त्या खिंडीतून हाक आली, "भावोजी, आहात का? धूड बाहेर काढलंय."

धूड म्हणजे क्वाड बाईक. आमच्या मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यावर पोरं तिला एटीव्ही म्हणतात, पुण्या-मुंबईचे पाहुणे 'ती चार चाकांची' म्हणतात. वहिनी पहिल्या दिवशी धूड म्हणाल्या आणि आळीत तेच नाव पडलं. त्यांच्या चिरंजीवाने वाळूवर पाहुणे फिरवायला ती घेतली होती, तीही जुनीच. २०० सीसी, एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, कार्बोरेटर, चार गुबगुबीत चाकं, आणि मूठ पिळायच्या ऐवजी अंगठ्याने दाबायची रेस. दोन हंगाम बरे गेले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, त्याने धूड पडवीत आणून लावलं, किल्ली खुंटीला अडकवली आणि पुण्यात नोकरी धरली ती धरलीच. तेव्हापासून धुडाचं टेबल झालं होतं. सीटवर आमसुलं वाळत, हँडलला छत्र्या लटकत, आणि पुढच्या कॅरियरवर एक कोंबडी तीन वर्षं अंडी घालत होती. घरात नियमित चालणारी तेवढी एकच गोष्ट होती, असं वहिनी म्हणतात. हे बापूंना उद्देशून असतं. बापू म्हणजे त्यांचे यजमान.

"आता एकदम काय सुचलं?" मी खिंडीतून मान घालून विचारलं.

"काल भंगारवाला आला होता. चार हजार म्हणाला. मी म्हटलं, एका चाकाचे का हो?" वहिनींनी पदर खोचला. "आणि तो देवळाजवळचा होमस्टेवाला, त्याने नारळ ओढायला बारका ट्रॅक्टर आणलाय. हप्ता किती, जामीन कोण, सगळं ठाऊक आहे मला, नंतर सांगते. माझं म्हणणं एवढंच, पडवीत धूड असताना मी डोक्यावरून नारळ का वाहू?"

मुद्दा बिनतोड होता. मी गडगा चढून पलीकडे गेलो. खिंडीतून चहा जातो, मी जात नाही.

माझी पात्रता आधीच सांगून टाकतो. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली, पण सगळी डिझेलवर. डिझेलच्या इंजिनाला प्लग नसतो, कार्बोरेटर नसतो, करंट जातो कुठे हा प्रश्नच नसतो. पेट्रोलचं जे काही कळतं ते माझ्या जुन्या स्कूटरने मला रडवून शिकवलेलं. पण आळीत 'एसटीतले' म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस मिक्सरसुद्धा दुरुस्त करेल.

पोचेपर्यंत उशीर झाला होता. वहिनींच्या पुतण्याने किल्ली फिरवून सेल्फ दाबला होता, तीन वेळा. काहीच नाही. आणि गडी माणसं जमली होती. कोकणात मयताला माणसं जमायला वेळ लागतो. बंद गाडीला लागत नाही. पोस्टमन म्हणाला बॅटरी. दूध घालणारा म्हणाला इंजिन जाम. वरच्या आळीतल्या काकांनी चष्मा वर करून सायलेन्सरात बघितलं आणि "हं" म्हणाले, ते कशाबद्दल ते अजून कळलेलं नाही. आणि वहिनींकडे नारळ उतरवायला आलेला गडी तीस-पस्तीस फुटांवरून, माडाच्या शेंड्यातून ओरडला, "चोक ओढा, चोक!"

"सेल्फला हात लावायचा नाही," मी पुतण्याला सांगितलं. "पाच-सहा वर्षं निजलेल्या माणसाला उठवून थेट पळायला लावशील का?"

हे मी डिझेलवरच शिकलो, पण नियम सगळीकडे तोच. उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात, रिंगा चिकटतात, खाऱ्या हवेत तर व्हॉल्व्हवरही गंज धरतो. तशात सेल्फने हिसका दिला की जे नुसतं चिकटलेलं असतं ते मोडतं. म्हणून आधी ऑइल बघायचं. डिपस्टिक काढली. ऑइल काळं होतं, पण पातळीत होतं. ते दुधाळ असतं, साय घातलेल्या चहासारखं, तर आत पाणी गेलं असं समजायचं. ऑइल पातळीच्या वर चढलं असेल आणि पेट्रोलचा वास मारत असेल, तर कार्बोरेटरमधून पेट्रोल झिरपून खाली इंजिनात उतरलंय. तसंच सुरू केलं तर बेअरिंगांचा निकाल. इथे दोन्ही नव्हतं. तरी काढून टाकलं आणि नवं भरलं. मग प्लग काढला, त्या भोकातून दोन चमचे ऑइल सोडलं, आणि म्हटलं, "आता उद्या."

"उद्या?" बापू. "एवढीच माणसं जमवली होती का?"

दुसऱ्या दिवशी मॅग्नेटच्या झाकणातून पाना घालून इंजिन हाताने फिरवलं. पहिल्या अर्ध्या फेऱ्यात दात खाल्ल्यासारखा आवाज आला, मग मऊ झालं. प्लगच्या भोकावर अंगठा धरला तर दर दुसऱ्या फेऱ्याला हवा अंगठा ढकलून देत होती. म्हणजे कॉम्प्रेशन आहे. इथे माझा जीव भांड्यात पडला, कारण हे नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. कमी वाटलं असतं तर ऑइल घातल्यावर वाढतं का ते बघतात. वाढलं तर रिंगा गेल्या; नाही वाढलं तर व्हॉल्व्ह धरून बसलाय, नाहीतर टॅपेट बिघडलेत. मला पुढे जायची वेळ आली नाही. पोस्टमनला मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम सांगितलं, इंजिन जाम नाही. "मी कुठे म्हटलं, दूधवाल्याने म्हटलं," तो म्हणाला.

बॅटरी मात्र खरंच मेली होती. मीटर लावला तर चार व्होल्टही नाही. बारा व्होल्टची बॅटरी निरोगी असली तर बारा पॉइंट सहाच्या वर दाखवते. चारवर आलेली चार्जरवर कितीही तास ठेवा, फुगते पण उठत नाही. दापोलीहून नवी आणली. बसवली, सेल्फ दाबला. टक.

पोस्टमनने मान हलवली. बॅटरी त्याची होती ना.

हा आमच्या किनाऱ्याचा खास रोग आहे. डोंगरावरची गाडी उभी राहिली तर धूळ खाते, आमची मीठ खाते. बॅटरीची उणी तार जिथे सांगाड्याला बोल्टने आवळलेली असते तिथे गंजाची पोळी जमली होती. मीटरला बारा व्होल्ट दिसत होते, पण मीटर म्हणजे पाहुणा, तो काही खात नाही. सेल्फची मोटर बसल्या बैठकीला ढीगभर करंट मागते, तेव्हा ती पोळी आडवी येते. पॉलिश पेपरने बोल्ट, वॉशर, सांगाडा लख्ख केला, वरून व्हॅसलीन फासलं. मग ब्रेक दाबून, न्यूट्रल बघून सेल्फ मारला (या गाड्या ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत, हे पुतण्याला दोन दिवस माहीत नव्हतं) आणि इंजिन घरघरायला लागलं. फिरलं, सुरू नाही झालं. पण माडावरच्या गड्याने खाली उतरून टाळी दिली.

आता करंट. प्लग टोपीत घालून इंजिनाच्या अंगाला टेकवला, पेट्रोलचा डबा लांब ठेवला, सेल्फ मारला. काही नाही. नवा प्लग घातला, काही नाही. पुतण्या तोवर मोबाइलवर कॉइल आणि ठिणगी पाडणारी सीडीआयची डबी मागवत होता, साडेतीन हजारांची ऑर्डर बोटाच्या टोकावर आली होती.

"थांब," मी म्हटलं. "ते लाल बटण कसं आहे?"

लाल बटण चालूवर होतं. मी स्वतःवर जरा नाराज झालो, कारण ते बंदवर असतं तर मी हुशार ठरलो असतो. पण घोटाळा तिथेच होता. आपल्याला वाटतं, बंदचं बटण म्हणजे वीज तोडणारं. या गाडीत तसं नाही. इथलं बटण सीडीआयची वीज सांगाड्यात सोडून देतं, म्हणून इंजिन बंद पडतं. सेल्फ मात्र बिनघोर फिरत राहतो. हँडलवर पाच-सहा पावसाळ्यांचं मीठ बटणाच्या आत शिरलं होतं, आणि बटण कुठेही करा, आत जोड कायमचा झाला होता. मी त्या बटणाची तार काढून बाजूला केली. निळी ठिणगी, चट् असा आवाज. वहिनी दोन पावलं मागे सरल्या आणि म्हणाल्या, "अगो बाई, जिवंत आहे!"

पुतण्या म्हणाला, तार काढलेलीच ठेवू. मी नाही म्हटलं. अंगठ्याची रेस अडकली तर धूड थांबवायला तेवढं एक बटण असतं. बटण उघडलं, धुतलं, सुकवलं, परत लावलं. अर्धा दिवस गेला. साडेतीन हजार वाचले, त्याची पावती कोणी देत नाही.

इतका वेळ मी मुद्दाम हवेच्या डब्याला हात लावला नव्हता. पण आता कार्बोरेटर काढायचा म्हणजे आधी एअर फिल्टर काढणं आलं. सीट उचलली, झाकणाच्या क्लिपा सोडल्या, आणि आत उंदराने थाटलेला संसार निघाला. काथ्या, वर्तमानपत्राचा भुगा, तांदळाची टरफलं, आणि मधोमध हिरव्या रंगाच्या कापडाच्या चिंध्या. काठाला जरीची बारीक रेघ.

वहिनी वाकल्या. चिंधी उचलली, उन्हात धरली. आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत, हे त्यांच्या बाबतीत पंचनाम्याला बोलावण्यासारखं आहे.

इथे मला थोडं मागे जायला हवं. टाळेबंदीच्या आधीच्या महिन्यात वहिनींकडे काही कार्य होतं. आमच्या हिला ताप होता, ती गेली नाही. वहिनींचं म्हणणं, मी तिच्यासाठी ओटीचं सामान, हिरवा खण, तांदूळ, नारळ, पिशवीत घालून पडवीतल्या खुंटीला लावून ठेवलं होतं आणि निरोप दिला होता. आमच्या हिचं म्हणणं, मी गेले तेव्हा खुंटीला पिशवीत फक्त नारळ होता. कोणी खोटं बोललं नाही, कोणी भांडलं नाही. फक्त त्यानंतर पुढची कित्येक वर्षं खिंडीतून आमटी इकडून तिकडे जायची तेव्हा "वहिनींनी दिली, बघ हो, पातेल्यात आमटी आहे ना" असं घरात कोणीतरी म्हणायचं, आणि तिकडेही असंच काहीतरी म्हणत असणार. ती पिशवी ज्या खुंटीला होती, त्या खुंटीखालीच धूड.

"ताई!" वहिनींनी गडग्यावरून हाक मारली. ही बाहेर आली. वहिनींनी खिंडीतून ती चिंधी पुढे केली. हिने ओळखली, कारण त्या खणाचा रंग तिने इतक्या वेळा ऐकला होता की न बघताही ओळखली असती.

"उंदराने ओटी भरून घेतली म्हणायची," ही म्हणाली.

दोघी हसल्या त्या इतक्या, की काका सायलेन्सरातून डोकं काढून बघायला लागले. मी हे गाडीच्या गोष्टीत का घातलं, असं कोणी म्हणेल. पण माझ्या मते त्या धुडातली सगळ्यात जुना बिघाड तो होता, आणि तो मी नाही, फिल्टरने दुरुस्त केला.

फिल्टरचा स्पंज मात्र बोटाने दाबला तर शेवेसारखा भुरभुरला. असा जुना स्पंज तसाच ठेवला तर इंजिन तो आत ओढतं. नवा आणला.

आता कार्बोरेटर. याच्याबद्दल जगात जितक्या थापा आहेत तितक्या बहुधा फक्त मधुमेहावरच्या औषधांबद्दल असतील. वस्तुस्थिती अशी की कार्बोरेटरच्या तळाला एक लहानशी वाटी असते, त्यात थोडं पेट्रोल उभं असतं. गाडी उभी केली, कॉक बंद केला नाही, की वाटीतलं पेट्रोल उडत राहतं आणि टाकीतून नवं येत राहतं. प्रत्येक वेळी मागे थोडी राळ ठेवून जातं. मी वाटी उघडली तर आत हिरवट-तपकिरी, चिकट, जुन्या वार्निशसारखा वास. फ्लोट वाटीला चिकटलेला. आणि तो बिचारा स्लो जेट, ज्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, तो पार बुजलेला. इंजिन थंड असताना आणि अंगठा न दाबता उभ्यावर चालताना त्याच भोकातून जेवतं. उभी राहिलेली गाडी सुरू होत नाही याचं मला जितक्यांदा कारण विचारलंय तितक्यांदा हेच निघालंय, पण लोकांना ते फार साधं वाटतं. लोकांना कॉइल जळालेली आवडते.

"हिराची काडी देऊ?" वहिनी म्हणाल्या. हीर म्हणजे झावळीची काडी, आमच्याकडे दात कोरण्यापासून दिव्याची वात सारण्यापर्यंत सगळ्याला चालते.

"जाडी होईल. आणि लोखंडी तार नको, पितळेचं भोक मोठं होतं." वायरीतला तांब्याचा एकच धागा घेतला, कार्बोरेटर क्लीनर फवारला, मग पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारली. रबराचे वायसर आधी काढून ठेवले, क्लीनरने ते फुगतात. शेवटी जेट डोळ्याला लावून आभाळाकडे बघायचं. भोकातून आभाळाचा गोल ठिपका दिसला पाहिजे. मला दिसला. निदान मला तसं वाटलं.

टाकीतलं पेट्रोल डब्यात काढलं. तळाला पाण्याचे मणी आणि गंजाचा गाळ. बापू म्हणाले, "वाडीतलं गवत पेटवायला ठेवा." मी स्पष्ट नाही म्हटलं, पेट्रोल गवतावर पडून राहत नाही, वाफ होऊन माणसाच्या पायापाशी येतं, आणि विहीर तिथून दहा पावलांवर. डबा दापोलीच्या गॅरेजवाल्याला दिला. तेव्हाच्या पेट्रोलपेक्षा आताच्यात इथेनॉल जास्त आहे, वीस टक्के. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि आमच्या हवेत दुसरं आहे काय? पुरेसं पाणी धरलं की इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून खाली बसतात, वर उरतं ते कमअस्सल पेट्रोल. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. नळी दोन बोटांत वाकवली तर तडकली, फूटभर नवी घातली. दोन लिटरच नवं पेट्रोल टाकलं, तेही माझ्या स्कूटरमधून काढून. टाकी भरून ठेवायला ही काही लग्नाची गाडी नव्हे.

तिसरी संध्याकाळ. धूड आवारात, उघड्यावर. चोक ओढला, ब्रेक दाबला, सेल्फ पाच सेकंद, मग विश्रांती, नाहीतर मोटर जळते. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ते खोकलं. चौथ्यांदा पांढऱ्या धुराचा लोट सोडून धडधडायला लागलं. धूर मी घातलेल्या ऑइलचा होता, पण काका "पेटली, पेटली" म्हणत गडग्याच्या अलीकडे आले. कुत्रं बंबाच्या मागे. कोंबडी, जिची ती हक्काची जागा होती, तुळशीवर.

चोक आत ढकलला की बंद. ओढला की चालू. याचा अर्थ एकच, आणि तो मला ठाऊक होता: आभाळाचा जो ठिपका मला दिसला होता तो पुरता गोल नव्हता. मी कोणाला काही न सांगता कार्बोरेटर परत उतरवला. वहिनींनी विचारलं, "झालं होतं ना?" मी म्हटलं, "जरा फाइन ट्यूनिंग." एसटीत हा शब्द आम्ही आरटीओच्या पासिंगच्या दिवशी वापरायचो.

दुसऱ्या वेळी चोकशिवाय चाललं. पुतण्याने एक चक्कर मारली आणि बेडकासारखा उडत परत आला. पंक्चरवाल्याने धुडाच्या चाकात स्कूटरइतकी हवा भरली होती. या गुबगुबीत चाकांना पाच-सहा पौंड पुरतात. त्याने तीस भरली, आणि वर "जास्त आहे, टिकेल" म्हणाला. हवा सोडली. मागच्या ड्रममधली वाळू काढली. ब्रेक लागतात, रेसची तार सोडल्यावर आपोआप मागे येते, हे बघितल्याशिवाय वहिनींना बसू दिलं नाही.

वहिनी बसल्या. नऊवारी नाही, पण डौल तोच. आवारातून वाडीत, सुपारीच्या ओळीतून, विहिरीला वळसा. दुसऱ्या फेरीला विहिरीपाशी धूड गचके खाऊन बंद. थोडा वेळ थांबलं, सेल्फ मारला, सुरू. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा बंद.

लगेच मंडळ बसलं. कॉइल गरम होते, पुतण्या. तो अजून ती ऑर्डर विसरला नव्हता. पेट्रोलमध्ये कचरा, दूधवाला. मी प्लग काढून बघितला: कोरडा. प्लग ओला असेल तर पेट्रोल येतंय, करंट नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. पण जेट साफ, नळी नवी, कॉक उघडा. मग दहा मिनिटं का येतं आणि नंतर का नाही? मी डोकं खाजवत उभा होतो आणि वहिनी टाकीच्या झाकणाकडे बघत होत्या.

"भावोजी, ही नळी कुठे जाते?"

झाकणातून एक बारीक नळी निघून हँडलकडे जाते. टाकीतलं पेट्रोल जसं कमी होतं तशी तिच्यातून हवा आत येते.

"ती कुंभारणीने लिंपलीय."

कुंभारीण म्हणजे मातीची घरटी करणारी ती बारीक कमरेची माशी. भोक दिसलं की लिंपायचं, एवढाच तिचा धर्म. वहिनींच्या घरात तिने किल्लीची भोकं, प्लगचं पॉइंट, गॅसच्या शेगडीची नळी, आणि एकदा बापूंच्या बासरीची तीन भोकं बुजवली होती. बापूंनी बासरी सोडली ती तेव्हापासून, आणि याबद्दल आळीत कुंभारणीला कोणी नावं ठेवत नाही. नळीच्या तोंडाशी लालसर मातीची टिकली होती, पक्की. हवा आत जायला वाट नाही, टाकीत पोकळी होते, पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. थोडा वेळ थांबलं की झाकणाच्या फटीतून इतपत हवा शिरते की पुन्हा चालतं. मी झाकण सैल केलं आणि सुस्स करून टाकीने श्वास घेतला. हा आवाज मी तीस वर्षं नोकरी करून ऐकला नव्हता.

वहिनींनी केसातली पिन काढून माती कोरली. आत तीन कोळी होते, कुंभारणीने पिल्लांसाठी भरून ठेवलेले.

मग धूड पाऊण तास चाललं. नारळांची दोन पोती विहिरीपासून खळ्यापर्यंत आली. देवळाजवळचा होमस्टेवाला रस्त्यावरून जाताना मुद्दाम थांबला. वहिनींनी त्याच्याकडे न बघता अजून एक फेरी मारली. त्या ट्रॅक्टरच्या जामिनाची हकिगत मला तिसऱ्या फेरीच्या वेळी खिंडीतून मिळाली, पण ती इथे सांगण्यासारखी नाही. जामीन माझ्या ओळखीचा आहे.

दिवेलागणीला मी कॉकची खुंटी फिरवून बंद केली आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तिथे राळ साचणार नाही. मिनिटभर काही झालं नाही. मग इंजिन एकदम चढलं, उगाच जोरात, आणि खाली आलं, आणि गप्प.

गडग्याच्या अलीकडून आमची ही ओरडली, "पडली ना पुन्हा बंद!"

"पडली नाही हो ताई," वहिनी पलीकडून म्हणाल्या, "पाडली. चहा टाकलाय, दोन कप पाठवते. खिंडीपाशी या."